लघवीची नळी आणि हातातला मोबाइल

प्रश्न : वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले, लघवीची नळी तशीच आहे. सिस्टर म्हणतात, ‘डॉक्टर सांगतील तेव्हा काढू.’ पुन्हा विचारलं तर रागावतील का? (लातूर)

रागावल्या तरी विचारा. नळी घातलेल्या १०० जणांपैकी साधारण ३ ते ७ जणांच्या लघवीत दर दिवशी नव्याने जंतू शिरतात. महिनाभर राहिली तर जवळपास कुणीच सुटत नाही. म्हणून नळी वेळेवर काढणं हा सगळ्यात मोठा उपाय. पण राऊंडच्या घाईत चादरीखालची नळी कुणाच्या लक्षात राहत नाही. मोबाइलमध्ये राऊंडच्या अर्धा तास आधीचा गजर लावा आणि त्याला नाव द्या, ‘आज नळी लागते का?’ नळी घातल्याची तारीखही त्यातच लिहून ठेवा. तारीख सांगून विचारलं की उत्तर टाळणं अवघड जातं, हा माझा अनुभव आहे.

‘लागते’ म्हणाले तर का ते विचारा. लघवी अडकते, तासातासाला मोजायची आहे, ही खरी कारणं. पेशंटला उठवायचा त्रास वाचतो, हे कारण नव्हे. मात्र स्वतः ओढून काढू नका. आत पाण्याने फुगवलेला फुगा असतो, त्याने लघवीचा मार्ग फाटतो.

प्रश्न : आम्ही दोघंही ऊसतोडीला कारखान्यावर. माय गावी, नळी लावलेली. शेजारची वहिनी बघते. फोनवरून आम्ही काय करू शकतो? (ता. केज, जि. बीड)

बरंच काही. व्हिडिओ कॉलवर मायशी बोलून झालं की वहिनींना फोन पिशवीकडे न्यायला सांगा. पिशवी मायच्या ओटीपोटापेक्षा खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. ती खाटेच्या कडेला अडकवा. कूस बदलताना पुष्कळ जण पिशवी उचलून अंगाशेजारी ठेवतात, आणि साचलेली लघवी उलटी आत जाते. नळीला पीळ पडलाय का, तेही बघा.

वहिनींना एवढं सांगा : पाऊण भरायच्या आत पिशवी रिकामी करायची, तोटी भांड्याला टेकू द्यायची नाही, नळी आणि पिशवीचा जोड सोडायचा नाही. नळीभोवतीचा भाग रोज साध्या साबण-पाण्याने धुतला की पुरे, वरून जंतुनाशक ओतायला नको. पिशवीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवायचेच. टँकरच्या दिवसांत हे सांगताना मलाही संकोच वाटतो, पण हातांना तांब्याभर पाणी पुरतं.

फडावर रेंज नसेल तर वहिनींनी संध्याकाळी व्हॉइस मेसेज ठेवावा : ताप आहे का, ओटीपोट दुखतंय का, पिशवीत किती जमलं. हुडहुडी भरून ताप आला, माय बरळायला लागली किंवा लघवी उतरायचीच थांबली, तर मेसेज-फोटोत वेळ घालवू नका, १०८ला फोन लावा. आणि पिशवीचे फोटो भावकीच्या ग्रुपवर नकोत. मायची लाज आपणच राखायची.

प्रश्न : नळी आहे, ताप नाही, पण लघवीच्या रिपोर्टमध्ये जंतू आले. मेडिकलवाल्याला रिपोर्टचा फोटो पाठवला, त्याने अँटिबायोटिक दिलं. घेऊ का? (नांदेड)

आधी डॉक्टरांना विचारा. नळी असली की जंतू सापडायचेच. त्रास काही नसेल तर सहसा औषध लागत नाही. गरोदरपण किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर गोष्ट वेगळी. नुसती लघवी गढूळ दिसली किंवा वास आला म्हणूनही गोळी घेऊ नये. उगाच घेतलेल्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात.

प्रश्न : मी नर्स आहे. आमचं हॉस्पिटल नळी लावलेल्या पेशंटसाठी ॲप काढतंय. त्यात काय असावं? (जालना)

असं एक ॲप मी पाहिलंय. पहिल्याच पानावर ईमेल मागत होतं, तेही इंग्रजीत. समोरच्या खाटेवरच्या आजीकडे बटणांचा फोन होता.

ॲप नंतर करा. खाटेजवळ क्यूआर कोड लावा, स्कॅन केला की तुमच्याच आवाजात एक मिनिटाचा मराठी व्हिडिओ सुरू झाला पाहिजे. बटणांच्या फोनवर तोच मजकूर रेकॉर्ड केलेल्या कॉलने ऐकवा. रोज एकच प्रश्न विचारा, नळीचा. आणि ‘डॉक्टरांशी बोलायचंय’ असं उत्तर आलं तर ते त्या पाळीच्या सिस्टरच्या फोनवर पोचलं पाहिजे. नाहीतर ती भिंतीवरची तक्रारपेटीच झाली.

एका वॉर्डात दर १००० नळी-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस नळी, म्हणजे एक नळी-दिवस) संसर्ग किती, हे सुरू करण्याआधीपासून मोजा. फरक पडला की नाही, ते त्यावरूनच कळेल. आणि पेशंटला सगळं समजावलं म्हणून आपले हात धुवायची जबाबदारी त्याच्यावर ढकलू नका. त्याने ‘सिस्टर, हात धुतले का?’ विचारलं तर कपाळाला आठी न घालता उत्तर द्यायचं, हे ॲपच्या आधी स्टाफला शिकवा.