अल्फा चांगला आला, म्हणून प्रश्नावली चांगली?

प्रश्न : पदव्युत्तर प्रबंधासाठी मी तरुणांचा ई-सिगारेटचा वापर आणि तिच्याविषयीची अभिवृत्ती मोजणारी २० विधानांची प्रश्नावली तयार केली. क्रॉनबॅक अल्फा ०.८३ आला, तरीही मार्गदर्शक ती विश्वसनीय मानायला तयार नाहीत. असे का?

उत्तर : मार्गदर्शकांची शंका रास्त आहे. ली क्रॉनबॅक यांच्या १९५१ च्या लेखामुळे रूढ झालेला हा गुणांक, एका मापनश्रेणीतील विधानांची उत्तरे परस्परांशी कितपत मेळ खातात, एवढेच सांगतो. शिवाय विधानांची संख्या वाढवली की तोही वाढतो. विधानांमधील सरासरी सहसंबंध अवघा ०.२ असला, तरी ५ विधानांना अल्फा सुमारे ०.५६, १० विधानांना ०.७१ आणि २० विधानांना ०.८३ येतो. आपला आकडा नेमका हाच असल्यामुळे तो विधानांच्या जवळिकीतून आला की निव्वळ संख्येतून, हे आधी तपासावे लागेल.

त्याहून मोठी अडचण अशी की, आपण वापर आणि अभिवृत्ती यांची बेरीज एकाच गुणांकात केलेली दिसते. ‘गेल्या ३० दिवसांत किती दिवस ई-सिगारेट ओढली’ हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. त्याची विश्वसनीयता पाहायची, तर त्याच व्यक्तींना साधारण दोन आठवड्यांनी तो पुन्हा विचारावा लागतो, आणि त्या काळात वापरच बदललेला असू शकतो. म्हणून सोबत ‘आयुष्यात एकदा तरी ओढली आहे का’ हेही विचारावे : पहिल्या खेपेस ‘हो’ म्हणणारा दुसऱ्या खेपेस ‘नाही’ म्हणाला, तर दोष स्मरणाचा, प्रामाणिकपणाचा किंवा प्रश्नाचा असतो, सवयीचा नव्हे. अभिवृत्तीची विधाने मात्र घटक विश्लेषणाने, म्हणजे कोणती विधाने एकत्र गट करून एकच गोष्ट मोजतात हे पाहणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीने, पारखून घ्यावीत. ‘ई-सिगारेट आकर्षक आणि सुरक्षित असते’ अशी जोडविधाने सरळ काढून टाकावीत, कारण आकर्षण मान्य असून सुरक्षितता अमान्य असणाऱ्याने कोणत्या पर्यायावर खूण करायची? ‘ती सिगारेटपेक्षा कमी घातक आहे’ या विधानाशी तर तिचा तिटकारा असलेली व्यक्तीही सहमत होऊ शकते. ती समजूत आहे, आवड नाही, आणि तिचे गुण वेगळेच ठेवणे बरे.

प्रश्न : निकोटिन-अवलंबित्वाच्या फागरस्ट्रॉम चाचणीत ‘सिगारेट’च्या जागी ‘ई-सिगारेट’ घातले, तर चालेल का?

उत्तर : तेवढ्याने भागणार नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या सहा प्रश्नांच्या, ० ते १० गुणांच्या चाचणीत दिवसाला किती सिगारेटी ओढता, असा एक प्रश्न आहे. सिगारेट संपते, म्हणून ती मोजता येते. ई-सिगारेट मात्र खिशातून निघते, दोन झुरके होतात आणि पुन्हा खिशात जाते. ई-सिगारेटवरील अवलंबित्व मोजणाऱ्या २०१५ च्या पेन स्टेट निर्देशांकाने, ज्यात १० प्रश्न आणि ० ते २० गुण आहेत, ही अडचण ओळखून ‘एक वेळ’ म्हणजे सुमारे १५ झुरके किंवा सुमारे १० मिनिटे, असे प्रश्नातच सांगितले आहे. ही व्याख्याही ढोबळच आहे, पण निदान सर्व उत्तरदाते एकाच एककात बोलतात. झोपेतून उठल्यावर किती वेळात ओढता, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे उपयोगी पडतो.

निर्देशांक अनुवादित करून वापरणार असाल, तर मूळ मजकूर न पाहिलेल्या व्यक्तीकडून उलट अनुवाद, म्हणजे पुन्हा मूळ भाषेत अनुवाद, करून घ्यावा आणि मग काही उत्तरदात्यांना प्रत्येक प्रश्न वाचताना मनात काय येते ते मोठ्याने सांगायला लावावे. ‘व्हेप’ किंवा ‘पॉड’ ओढणारे कित्येक तरुण ‘ई-सिगारेट ओढता का’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, ते बहुधा याच टप्प्यावर उघड होते. यावर उपकरणांची चित्रे दाखवणे हा सोपा उपाय आहे. निकोटिनच्या प्रमाणाविषयीच्या प्रश्नात ‘माहीत नाही’ हा पर्यायही हवाच, नाहीतर अंदाजाने केलेल्या खुणा माहिती म्हणून मोजल्या जातील.

प्रश्न : लाळेतील कोटिनीन (निकोटिनपासून शरीरात बनणारे द्रव्य) तपासले, तर प्रश्नावलीची गरजच राहणार नाही ना?

उत्तर : राहते. कोटिनीन गेल्या काही दिवसांतील निकोटिन दाखवते. ते सिगारेटमधून आले, तंबाखू चघळल्याने आले की निकोटिनच्या च्युइंगगममधून, हे सांगत नाही, आणि निकोटिनविरहित द्रव वापरणारा तर त्यातून पूर्णपणे निसटतो. श्वासातील कार्बन मोनॉक्साइडने जळत्या तंबाखूचा अलीकडचा वापर बराचसा वेगळा काढता येतो. त्यामुळे नमुना घेताना आधीच्या चार-पाच दिवसांत घेतलेल्या प्रत्येक निकोटिनयुक्त पदार्थाची स्वतंत्र नोंद विचारून घ्यावी.