दोनशे चौरस फुटांची अर्धीच गोष्ट

प्रश्न : आम्ही अमेरिकेत दोन वर्षांपूर्वी घर घेतलं. मागच्या बाजूला १२ बाय १६ फुटांचा लाकडी डेक बांधायचा आहे. तो घराला जोडलेला असेल आणि जमिनीपासून साधारण चार फूट उंच. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, २०० चौरस फुटांच्या आत आहे, परमिट लागत नाही. हवंच असेल तर तुमच्या नावावर काढा. काय करावं?

उत्तर : परमिट काढा. कॉन्ट्रॅक्टरने तुम्हाला नियम अर्धाच सांगितला आहे. बहुतेक राज्यं घरबांधणीच्या ज्या आयआरसी (इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड) संहितेवरून आपले नियम ठरवतात, तिच्यात २०० चौरस फुटांची सवलत आहे खरी. पण डेक कुठेही जमिनीपासून ३० इंचांपेक्षा उंच नको, घराला जोडलेला नको आणि घराच्या मुख्य सुटकेच्या दारापुढे नको, या अटीही तिथेच आहेत. सगळ्या पाळल्या तरच सवलत. तुमचा डेक १९२ चौरस फुटांचा, म्हणजे क्षेत्रफळात बसतो. उंचीत आणि जोडणीत बसत नाही. काही गावांचे नियम याहून कडक असतात, म्हणून टाउनशिपच्या बांधकाम खात्यात एकदा विचाराच.

मी इतकं ठासून सांगते, कारण गेली अनेक वर्षं मी जुने डेक तपासते आहे. एका घरी वरून सगळं छान दिसत होतं, नवा रंगही दिलेला. खाली वाकून टॉर्च मारला. डेकची जी फळी घराच्या भिंतीला जोडतात, लेजर म्हणतात तिला, ती नुसत्या खिळ्यांवर होती. वर पाणी बाहेर वळवणारा फ्लॅशिंगचा पत्रा नाही, त्यामुळे पावसाचं पाणी वर्षानुवर्षं भिंत आणि फळीच्या मध्ये मुरलेलं. स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. त्या घरात आठवड्याभराने मुलाचा वाढदिवस होता. मी त्यांना त्याच दिवशी डेकचं दार बंद करायला लावलं.

हिशोब करून पाहा. डेक चौरस फुटाला ४० पौंड माणसा-सामानाचा भार पेलेल असा बांधायचा असतो. तुमच्या डेकवर तो ७,६८० पौंड होतो आणि त्यातला जवळजवळ निम्मा लेजरवर येतो. खिळा ओढीला सरळ बाहेर येतो, म्हणून तिथे बोल्ट किंवा लॅग स्क्रू, म्हणजे जाड लांब स्क्रूच हवेत. घराला बाहेरून विटांचा दर्शनी थर असेल तर लेजर त्यावर टेकवायचा नाही. तिथे स्वतःच्या खांबांवर उभा राहणारा डेक करावा.

अर्जाचं काम वाटतं तेवढं अवघड नाही. घर घेताना मिळालेल्या कागदांत सर्व्हे, म्हणजे जागेच्या हद्दींचा नकाशा असेल, त्याच्या प्रतीवर डेक मोजमापासह काढा, कारण हद्दीपासून किती अंतर सोडलं हे आधी पाहतात. सोबत खांब, तुळया, जॉइस्ट (फळ्यांखालचे आडवे वासे), पायाची खोली आणि कठड्याचा साधा नकाशा. कठडा किमान ३६ इंच उंच आणि गजांमधून ४ इंचांचा चेंडू जाता कामा नये. लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून. एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना असेल तर तिची परवानगी वेगळी.

खणण्याआधी ८११ ला फोन करा, गॅस आणि विजेच्या लाइनी फुकट आखून देतात. खड्डे खणल्यावर इन्स्पेक्टरने पाहिल्याशिवाय काँक्रीट ओतू देऊ नका. थंड प्रदेशात पाया जमीन गोठते त्या खोलीच्या खाली न्यावा लागतो आणि काँक्रीट पडल्यावर ती खोली कुणालाच दिसत नाही.

आणि परमिट कॉन्ट्रॅक्टरच्याच नावावर काढायला लावा. तुमच्या नावावर काढलंत तर कामातल्या चुकांचं उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. तो तयार नसेल तर मी तरी दुसरा माणूस शोधेन. शेवटचा हप्ता अंतिम तपासणी पास झाल्यावरच द्या. अंतिम तपासणीविना उघडं राहिलेलं परमिट घर विकताना नेमकं आडवं येतं. मंजूर नकाशाची प्रत मात्र काम संपेपर्यंत जागेवर ठेवा, इन्स्पेक्टर आल्या आल्या तीच मागतो.