अभ्यासिकेतल्या मुलीला

प्रिय पोरी,

रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. ‘सर, आज मंगळवार की बुधवार तेही कळत नाही.’ बाकीचा मेसेज सिलॅबस मागे पडल्याबद्दल होता. मला काळजी वाटली ती वारांच्या घोळाची.

स्पर्धा परीक्षेच्या दुसऱ्या प्रयत्नाच्या वर्षी माझंही असंच झालं होतं. सदाशिव पेठेतली खोली, अभ्यासिका, मेस, पुन्हा अभ्यासिका. पूर्वपरीक्षा संपली आणि मागचे सहा महिने आठवायला गेलो, तर एकही दिवस दुसऱ्यापासून सुटा होईना. (मेसची बटाट्याची भाजी तेवढी आठवते. तीही रोजचीच.) मन लागत नाही म्हणून मी तास वाढवत गेलो, आणि तास वाढले तसं मन आणखी उडालं. तो शीण कष्टाचा नव्हता गं, तेच ते करण्याचा होता.

मोबाइलला मात्र विरंगुळा समजू नकोस. अर्ध्या तासात शंभर रील्स पाहिल्या तरी खुर्ची तीच आणि वाकलेली मानही तीच.

तुझ्या इतिहासाच्या नोट्समध्ये दा. ध. कोसंबी असतीलच. माणूस मूळचा गणिती. पुण्यात राहायचे, डेक्कन क्वीननं मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जायचे. टेकडीवर फिरताना त्यांना आदिमानवाची बारीक दगडी हत्यारं सापडली. जुनी नाणी तोलून, हातोहात फिरताना ती किती झिजली याचं गणित त्यांनी मांडलं. फिरणं, वेचणं, तोलणं, सगळं एकमेकांत मिसळलेलं. तू कोसंबी हो असं म्हणत नाहीये. पण टेकडी तुझ्याही खोलीपासून लांब नाही.

झोपेची आणि जेवणाची वेळ हलवू नकोस, तिथं नवेपणा नको. मधल्या दिवसात काहीतरी हातानं कर. मंडईतून भाजी आण, घरमालकिणीच्या नातवाला अपूर्णांक शिकव. आईशी बोलताना एकदा तरी परीक्षेचा विषय टाळ. आता याचंही रंगीत पेनांनी वेळापत्रक करशील, ओळखतो मी तुला. करू नकोस.

रविवारी सहाला पर्वतीच्या पायथ्याशी ये. पायऱ्या 103 आहेत, माझ्या गुडघ्यांमुळे वेळ लागेल. वही आणू नकोस.

तुझा,
सर