सासूबाईंचं पायमशीन पुण्याला नेताना

प्रश्न: ताई, इंदूरचं रामबागेतलं घर सोडून आम्ही मुलाकडे पुण्याला राहायला चाललो आहोत. सासूबाईंचं शिवणाचं पायमशीन न्यायचंच आहे. सामान नेणारे म्हणतात, 'आहे तसंच गुंडाळून ट्रकमध्ये चढवू.' मला धीर होत नाही. काय करावं?
— एक वाचक, इंदूर

उत्तर: आहे तसं मुळीच चढवू देऊ नका. दहा-बारा किलोंचं ते बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं मशीन मागच्या दोन बिजागऱ्यांनी टेबलाला जोडलेलं असतं. सेंधव्यापुढच्या बिजासन घाटात ट्रक हिंदकळला, की सगळा ताण तिथेच येतो. बीड वाकत नाही, तडकतं, आणि तडकलेलं नीट जोडून देणारा कारागीर सहज मिळत नाही.

म्हणून मशीन टेबलावरून सोडवायचं. सुई, दोरा, बॉबिन केस काढून डबीत घाला. पट्टा कापू नका, खालच्या मोठ्या चाकावरून सरकवला की निघतो. मशीन मागे कलंडवलं की तळाशी, मागच्या कडेला दोन स्क्रू दिसतील. एकाने मशीन घट्ट धरायचं, दुसऱ्याने स्क्रू ढिले करायचे. पूर्ण काढायचे नाहीत. मग अलगद उचला, एक हात तळाखाली, दुसरा कमानीत. हातचाकाला धरून कधीच नाही! चाकाला धक्का बसला तर आतला दांडा वाकू शकतो, म्हणून खोक्यातही त्या बाजूला जास्त कापड कोंबा.

जादा तेल पुसा, पण चकचकीत भागांवर मशीनच्याच तेलाचा हलका हात फिरवा. खोबरेल नको, ते चिकटून बसतं. पावसाळ्यात थेट प्लास्टिक गुंडाळलं तर आत दमटपणा कोंडून गंज चढतो. आधी सुती चादर, वर गोधडी, प्लास्टिक सगळ्यात बाहेर. थर्मोकोलचे मणी शटलमध्ये, म्हणजे बॉबिन बसते त्या भागात शिरतात, ते टाळा. खोकं उभंच राहायला हवं. कारने जाणार असाल तर मी म्हणेन, स्वतःजवळच ठेवा.

स्टँडही बिडाचाच. पेडल सुतळीने बांधा, वर खोकी रचू देऊ नका.

ते विकून तिकडे नवं घ्या, असं कोणी सुचवेलच. ऐकू नका. जाड गोधडीपासून मुलाच्या जीन्सपर्यंत सगळं हे मशीन शिवेल.

पुण्यात बसवल्यावर दोन्ही स्क्रू घट्ट करा. पट्टा चढवण्याआधी हातचाक आपल्याकडे फिरवून पाहा. अडलं तर जोर लावू नका. शटलमध्ये दोरा गुंतलाय का, ते आधी बघा.