तेलुगू 'यात्रा'ची गाणी म्हणजे नुसती पार्टीची भजनं आहेत का?

तुम्ही विचारलंय की 'यात्रा' हा वाय. एस. राजशेखर रेड्डींवरचा सिनेमा मामुट्टीसाठी (मल्याळम नट, यात रेड्डींच्या भूमिकेत) बघितला, तेलुगू येत नाही, पण गाणी कानात राहिली, तर ती वेगळी बसून ऐकण्यासारखी आहेत की सगळी पार्टीची भजनंच आहेत, आणि आंध्रचं राजकारण माहीत नसलं तर काही हाती लागेल का. लागेल की. पण सगळ्या गाण्यांतून नाही.

आधी माझं सांगून टाकतो म्हणजे माझ्या बोलण्याला किती भाव द्यायचा ते तुम्हाला कळेल. मी सोलापूरचा, पूर्व भागात वाढलेला, म्हणजे घरात मराठी आणि गल्लीत तेलुगू, आजूबाजूला सगळे पद्मशाली म्हणजे तेलुगू विणकर, दिवसभर यंत्रमागाची खटाखट. नंतर नोकरीसाठी सहा वर्षं हैदराबादला होतो. तेलुगू बोलतो बिनधास्त, वाचताना मात्र अजून बोट ठेवून वाचतो. संगीतातलं शास्त्र मला कळत नाही, त्यामुळे राग-ताल विचारू नका.

राजकारण लागतं तेवढंच सांगतो. वाय. एस. राजशेखर रेड्डी, कडप्पा जिल्ह्यातल्या पुलिवेंदुलाचे, पेशाने डॉक्टर, २००३च्या एप्रिलमध्ये हैदराबादजवळच्या चेवेळ्ळाहून चालायला लागले ते पार श्रीकाकुळमच्या टोकाला इच्छापुरमपर्यंत, जवळजवळ दीड हजार किलोमीटर, तेही ऐन उन्हाळ्यात. काँग्रेस तेव्हा तिथे बरीच वर्षं सत्तेबाहेर होती, २००४ला जिंकली आणि हे मुख्यमंत्री झाले. २००९च्या सप्टेंबरमध्ये नल्लमला जंगलात हेलिकॉप्टर पडून गेले. त्यांच्या मुलाने, जगनने, पुढे स्वतःचा पक्ष काढला आणि २०१९च्या निवडणुकीत तो उभा होता, म्हणून हा पार्टीच्या भजनांचा संशय. सिनेमा फक्त त्या चालण्याचा आहे. दिग्दर्शक मही राघव, संगीत 'के' या एका अक्षराच्या नावाने काम करणाऱ्या तमिळ संगीतकाराचं (मिष्किन या तमिळ दिग्दर्शकाच्या 'युद्धम सेय'चं संगीत त्याचंच), आणि बहुतेक गाणी लिहिलीत सिरिवेन्नेल सीताराम शास्त्रींनी. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा, कारण सगळी गंमत तिथे आहे.

माझ्या मते सगळ्यात भारी गाणं म्हणजे एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचं, खेड्यांवरचं, 'पल्लेल्लो कळ उंदी'ने सुरू होतं ते. पहिल्यांदा ऐकलं की वाटतं झालं, आता हिरवी शेतं, बैलगाडी, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका, कारण सुरुवात तशीच आहे, खेड्यांना कळा आहे, पिकांत समृद्धी आहे. (तेलुगूतला 'कळ' म्हणजे आपण चेहऱ्यावर कळा आली म्हणतो तीच कळा.) आणि ते वाक्य संपायच्या आतच शास्त्री ते उलटं करतात, की असं म्हणणाऱ्या बोलांना आता किंमत काय उरलीय. म्हणजे ज्या वाक्यावर दुसऱ्या कुणी चार कडवी काढली असती ते वाक्यच खोटं पाडून गाणं पुढे जातं. आणि एसपी ते रागावून म्हणत नाहीत, नेहमीच्या त्या मऊ आवाजात म्हणतात, घरातलं मोठं माणूस जेवता जेवता सांगतं ना की यंदा काही खरं नाही, तसं. त्या गाण्यात मी नेत्याला शोधत बसलोच नाही, शेतकरीच दिसत राहतो.

हे गाणं मी थिएटरात माझ्या रूम पार्टनरबरोबर बघितलं. तो कडप्पाकडचाच, पण घरचे पक्के तेलुगू देसमवाले, म्हणजे विरोधी पक्षाचे, तिकीट मी काढलं म्हणून आला होता आणि पहिला अर्धा तास मोबाइलमध्येच होता. या गाण्याला मोबाइल खाली ठेवला. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये हेल्मेट घालता घालता म्हणाला, 'पाट बागुंदि रा, ओटु मात्रं वेय्यनु.' गाणं चांगलंय रे, मत मात्र देणार नाही. तुमच्या भजनवाल्या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

'समर शंखम' हे त्या मानाने अपेक्षित गाणं आहे. ढोल, कोरस, युद्धाचा शंख, चालणारी गर्दी, अंगावर काटा येतो पण तो काटा कुठल्याही सिनेमात येईल असा. गायलंय काल भैरवने, हा तोच ज्याने नंतर राहुल सिप्लिगुंजबरोबर 'नाटु नाटु' गायलं. सकाळी व्यायामाला लावा, छान आहे.

आता 'राजन्ना निन्नापगलरा'. राजन्ना म्हणजे राजशेखर रेड्डीच. अर्थ सरळ, राजन्ना, तुला कोण अडवू शकेल. कागदावर बघितलं तर हेच पार्टीचं भजन. पण गायलंय वंदेमातरम श्रीनिवास यांनी, आणि हे नाव मराठी वाचकाला माहीत नसतं म्हणून गाण्यातलं अर्धं जातं. हा माणूस डाव्या चळवळीच्या गाण्यांतून वर आलेला. १९८५च्या 'वंदेमातरम' सिनेमात गायला आणि ते नाव त्याला कायमचं चिकटलं, पुढे आर. नारायण मूर्तींच्या लाल झेंड्याच्या सिनेमांत हाच आवाज. तेलुगू माणसाच्या कानात हा आवाज म्हणजे मोर्चा, संप, गिरणीचं गेट. तो आवाज काँग्रेसच्या रेड्डी नेत्यासाठी वापरलाय, आणि ऐकताना शब्द स्तुतीचे असले तरी कान म्हणतो की कुणीतरी रस्त्यावर उतरलंय. चलाखी आहे, मान्य, पण काम करते.

आणि हे तिकडे नवीन नाही. 'चेय्येत्ति जै कोट्टु तेलुगोडा' हे १९५२च्या 'पल्लेटूरु'मधलं घंटसालांचं गाणं लिहिलं कम्युनिस्ट नेते वेमुलपल्ली श्रीकृष्ण यांनी, आणि पुढे वाजलं तेलुगू देसमच्या प्रचारात! गाण्याला पक्षांतरबंदी कायदा लागू नाही बघा.

थोडं विषयांतर करतो पण ऐकाच. २०१९च्या निवडणुकीच्या तोंडावर असे सिनेमे रांगेने आले. जानेवारी-फेब्रुवारीत एन. टी. रामारावांवर (एनटीआर, तेलुगू देसम काढणारे नट आणि मुख्यमंत्री) दोन भाग, मुलगा बालकृष्णच वडिलांच्या भूमिकेत, संगीत 'नाटु नाटु'वाले कीरवाणी. फेब्रुवारीत 'यात्रा'. मार्चअखेर राम गोपाल वर्माचा 'लक्ष्मीज एनटीआर', त्याचं संगीत कल्याणी मालिक. आता नाती बघा. कल्याणी मालिक हा कीरवाणींचा सख्खा धाकटा भाऊ आणि 'समर शंखम' गाणारा काल भैरव हा कीरवाणींचा मुलगा. वर एनटीआरवाल्या सिनेमातलं, कैलाश खेरने गायलेलं 'कथानायका' लिहिण्यात कीरवाणींच्या वडिलांचाही हात. म्हणजे एकाच घरातले लोक तीन वेगवेगळ्या बाजूंच्या सिनेमांत, आणि सणाला सगळे एकाच पंगतीत बसत असतील. धाकट्या भावाच्या सिनेमातलं 'वेन्नुपोटु' तर असं पेटलं की पुतळे जाळले, पोलिसात तक्रारी झाल्या. वेन्नुपोटु म्हणजे शब्दशः पाठीत खुपसणं, १९९५ला चंद्राबाबू नायडूंनी सासऱ्यांची, म्हणजे रामारावांची, खुर्ची घेतली त्यावर. पाठीतला खंजीर मराठी माणसाला वेगळा समजावून सांगायची गरज नसावी. गाणं म्हणून मला ते बेताचंच वाटलं, नुसता राग आहे.

एनटीआरवाल्या अल्बममध्ये मात्र एक जागा सुंदर आहे. सगळ्या जयजयकारात कीरवाणींनी कर्नाटक संगीतातल्या त्यागराजांची 'बंटुरीति कोलुवु' ही रचना घेतलीय. त्यात भक्त रामाकडे काय मागतो, तर तुझ्या पदरी शिपाईगिरीची नोकरी दे. सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याची भावना दोनशे वर्षांपूर्वीच लिहून झालेली होती म्हणायची.

परत यात्रावर येतो. आमच्या गल्लीत एक ताता होते (ताता म्हणजे आजोबा), मागावरून रिटायर झालेले, त्यांना बुर्रकथेचं वेड. बुर्रकथा म्हणजे आपल्या पोवाड्याची चुलत बहीण समजा, मधला मुख्य कथेकरी तंबुरा घेऊन, आणि दोन्ही बाजूंना ढोलकं घेतलेले दोन साथीदार 'तंदाना ताना' म्हणत, आपल्याकडे 'जी जी जी' असतं तसं. त्यातला एक साथीदार विनोद करतो आणि दुसऱ्याचं कामच मुळी चालू राजकारणावर बोलायचं, त्याला म्हणतातच 'राजकीयम'. गोष्ट राम-रावणाची चाललेली असली तरी हा मध्येच रेशनच्या भावावर येतो. ताता म्हणायचे, लोक मधल्यासाठी येतात आणि घरी जाताना बोलतात त्या बाजूच्याचं. एसपींच्या गाण्याचं तसंच झालंय, सिनेमा मधल्या माणसाचा, गाणं बाजूच्याचं.

आणि एक राहिलंच, पेंचल दासचं 'मरुगैनावा राजन्ना'. दृष्टीआड झालास का रे राजन्ना, असा तो शोक आहे. पेंचल दास रायलसीमेच्या, म्हणजे कडप्पाकडच्या भागाच्या, बोलीत लिहितो आणि गातो, शहरी तेलुगूवाल्यालाही दोन-चार शब्द अडतात, मलाही अडले. माणूस गेल्यावर गावाकडे बायका नाव घेऊन घेऊन रडतात, प्रश्न विचारत रडतात, ती चाल आहे ही. नाव आहे, स्तुती आहे, सगळं आहे, तरी भजन वाटत नाही, कारण मेलेल्या माणसासाठी मत मागता येत नाही. (हे लिहिल्यावर लक्षात आलं की येतं, सर्रास मागतात. पण गाणं ऐकताना ते आठवत नाही एवढं खरं.)

तर आधी एसपी, मग वंदेमातरम श्रीनिवास, मग पेंचल दास, या क्रमाने ऐका. 'समर शंखम' शेवटी. आणि एसपींचं गाणं तेलुगू येणाऱ्या कुणाकडून तरी ओळीओळीने समजून घ्या, सोलापूरकडे ओळख असेल तर अडचणच नाही, नसेल तर कमेंटमध्ये ओळ टाका, मी सांगतो. फक्त रात्री उशिरा, बोट ठेवून वाचायला वेळ लागतो.