एकही मॅच न हरता कॉलेजची फुटबॉल टीम बंद कशी काय पडली?

हे १९५१ चं, युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉन्स टीमचं. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, बॉल हातात घेऊन पळतात तो. सीझनच्या नऊच्या नऊ मॅच जिंकल्या, ऑली मॅटसननं एकट्यानं २१ टचडाऊन मारले, म्हणजे एकवीस वेळा बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला! पण कॉलेजला फुटबॉलचा खर्च झेपत नव्हता, सगळी भिस्त सीझननंतरच्या बाउल गेमवर, म्हणजे निवडक टीमना बोलावून होणाऱ्या खास मॅचवर होती, तिथं बोलावणं आलं की चार पैसे मिळतात. आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बाउलवाल्यांकडून निरोप आला तो असा, की या, पण मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना घरी ठेवून या. पोरांनी सरळ नाही म्हणून सांगितलं, सगळ्यांनी, एकानंही मागेपुढे पाहिलं नाही. त्यानंतर कॉलेजनं टीमच बंद केली.

मला अजून वाईट वाटतं त्याचं. त्यातले मॅटसन, मार्चेटी, सेंट क्लेअर पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेले, टोलर १९६५ ला एनएफएलचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. आणि आपल्या खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ जिंकलं ना, त्याच ऑलिम्पिकमध्ये मॅटसननं ४०० मीटरला ब्राँझ आणि रिलेत सिल्व्हर घेतलं.