नेपाळच्या पारंपरिक हस्तकलांवर तिथल्या भूगोलाचा काय परिणाम झाला आहे?

खूपच. नेपाळमध्ये उंची बदलली की हाताखालचा कच्चा माल बदलतो आणि त्याबरोबर कलाही.

माझ्या मते सगळ्यात विलक्षण उदाहरण अल्लोचं. पूर्व नेपाळच्या संखुवासभा भागातल्या डोंगरात ही रानटी वनस्पती उगवते. अंगाला लागली की आग आग होते, पण तिच्या सालीत लांब, चिवट धागा असतो. राई समाजातल्या बायका साल सोलून राखेच्या पाण्यात उकळतात, बडवतात, ओढ्यावर धुतात. मग पांढरी माती चोळतात, म्हणजे चिकटलेले तंतू सुटे होतात. वाळल्यावर टकळीवर सूत काततात, अगदी चालता चालतासुद्धा!

लोक्ता नावाच्या झुडपाच्या सालीपासून होणारा कागदही डोंगरातलाच. झुडपाची मुळं तशीच ठेवून वरचा भाग कापतात, त्यामुळे काही वर्षांत ते पुन्हा फुटतं. हा कागद टिकाऊ आणि सहसा कीड न लागणारा, म्हणून सरकारी दस्तऐवजांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला.

काठमांडू खोरं म्हणजे एके काळचं सरोवर. त्याच्या तळाच्या चिकणमातीवर भक्तपूर आणि ठिमीचे कुंभार आजही काम करतात. खाली तराईत, म्हणजे दक्षिणेकडच्या सखल मैदानी पट्ट्यात, माती आणि गवत दोन्ही मुबलक; तिथल्या थारू समाजातल्या स्त्रिया रंगवलेल्या गवताच्या सुरेख टोपल्या विणतात.

तिकडे गेलात तर लोक्ता कागद उजेडासमोर धरून बघा, आतले वेडेवाकडे तंतू स्पष्ट दिसतात.